बेरीज चांगली, बाग रिकामी

जुन्नरच्या माझ्या मामेभावाने ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी केली आणि वीस दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, फुटवा जोमदार आहे, पण घडच दिसत नाहीत."

दोष ऑक्टोबरचा नव्हता. एप्रिलमध्ये वेल मागे छाटतात, तिला खरड छाटणी म्हणतात; तिच्यानंतर येणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि त्याला तेव्हा भरपूर ऊन लागतं. २०२५ चा मे आठवा. ढग, वळीव, पुन्हा ढग. २४ मेला मान्सून केरळात आला आणि २६ मेला पुण्यात. एरवी इथे तो १० जूनच्या सुमारास येतो. ज्या दिवसांत घड धरायचा, त्याच दिवसांत वेलींना सूर्य दिसला नाही. अनेकांचा काढणीला आलेला उन्हाळी कांदाही त्याच पावसात सडला.

आणि सप्टेंबरअखेर हिशेब काय लागला? देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस. चांगलं वर्ष!

मला याचा मनापासून राग येतो. आपण पुणेकर खडकवासल्याचे टक्के बघतो आणि निर्धास्त होतो. धरणाला बेरीज चालते. पिकाला पाऊस वेळेवर लागतो.

एका मे महिन्याचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही, हे मान्य. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस थांबतो तेव्हा लांबतो आणि येतो तेव्हा कोसळतो. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच दाखवून दिलं होतं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नव्हता. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२४ मध्ये जगाचं तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा दीड अंशाहून जास्त होतं.

म्हणून हंगामाचा हिशेब महसूल मंडळवार (काही गावांच्या गटाप्रमाणे) आणि दिवसांत मांडा : पावसाचे दिवस किती, सर्वांत मोठा खंड किती, ऊन किती तास. नुकसानभरपाईही त्यावरच ठरू द्या. फुटव्यात घड नाही, हे नुकसान आज पंचनाम्यात दाखवायचं तरी कसं?

भावाने दोन एकरांतली एक एकर बाग तोडली. उरलेल्या एकरावर तो एप्रिलात खरड छाटणी करणार आहे.