मामा, गाळा कुणाचा?

'परप्रांतीयांना खोली देऊ नका, गाळा देऊ नका. ते आपल्या पोरांचं काम खातात, भाषा बाटवतात. सांगली मूळ सांगलीकरांची.' हा मेसेज आठवड्यात तीनदा नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. एकदा तर मामांनीच टाकला, कोइमतूरहून.

काम खातात म्हणे. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात फळछाटणीचे दिवस आले की बागायतदारच बिहारच्या टोळीला फोन लावतो. बोलावणारा आपला, दर पाडणारा आपला, मग हिसकावलं कुणी? त्या दरात आपल्या पोराला पाठ मोडून घ्यायची नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बरं, ज्या बागेचा एवढा कळवळा, तिच्यातली थॉम्पसन द्राक्षाची कलमं भरलीत डॉगरीज नावाच्या रानवेलीच्या खुंटावर. डॉगरीज मूळचा टेक्सासचा!

आता 'मूळ सांगलीकर'. १८०१ साली मिरजेतून फुटून सांगलीत गादी मांडणारे पटवर्धन मूळचे कोकणातले. मिरजेला घर करणारे गवई अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरानाचे. १८९४ ला मिरजेत दवाखाना उघडणारे डॉक्टर वॉनलेस तर कॅनडाचे. यातल्या कुणाला खोली नाकारायची होती?

भाषेचं राहू द्या. घरोघरी कानडी वळणाचे अण्णा आणि अक्का असलेल्या जिल्ह्यात बाटण्याची भीती कसली?

मला टोचतं ते दुसरंच. हळदीच्या पेठेत बसलेल्या गुजराती-मारवाडी व्यापाऱ्याला कुणी परप्रांतीय म्हणत नाही, 'शेठ' म्हणतात. उलट बीडकडून येणारा ऊसतोड मजूर आपल्याइतकीच मराठी बोलतो, पण त्याची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, गावाबाहेर. गावात पाण्याची मोटर चोरीला गेली की पहिला संशय त्याच्यावर. तिथं मराठीपण कामाला येत नाही. परका कोण, ते खिसा बघून ठरतं, प्रांताचं नाव नंतर चिकटवायचं.

आणि मामा, आपलं काय? खानापूर-आटपाडीच्या माळावर पाऊस नव्हता म्हणून आपली माणसं सोनं-चांदी गाळायला केरळपासून बंगालपर्यंत गेली. विट्याकडचे किती बंगले त्या गलाईच्या पैशावर उभे आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. देशात कुठंही राहायचा जो हक्क घटनेच्या १९व्या कलमानं तुम्हाला दिला, तोच छाटणीवाल्या टोळीला दिलाय.

मामांच्या दुकानाचा गाळा भाड्याचा आहे, मालक तमिळ. परवा फोनवर तेवढंच विचारलं. म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी हाय." कशी, ते सांगायच्या आत दुकानात गिऱ्हाईक आलं.