रामदरबाराचं 'नाणं' आणि नोंदणीचे 2,100 रुपये

'ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं एक आण्याचं रामदरबार नाणं. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं. कोटीला जातं.' हा मेसेज कितीदा तरी आला, मी पुसत राहिलो. परवा कळव्याहून मामांचा फोन. आजीच्या देवघरात तस्संच सापडलंय, नोंदणीचे 2,100 रुपये भरायचेत, ते ऑनलाइन कसे भरतात तेवढं सांग. तसाच उठून गेलो.

वस्तू पाहिली. राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती. खाचाखाचांत कुंकू बसलेलं. मागे इंग्रजीत कंपनीचं नाव आणि साल.

कंपनीचं म्हणे! तेव्हा मुंबई इलाख्यात कंपनीचा तांब्याचा पैसा चालायचा. त्यावर एकीकडे कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे तराजू. देव नाहीत. आणि रोजच्या वापरात एक आण्याचं नाणं आलं ते 1907 साली, निकेल मिसळलेलं, नागमोडी कडेचं. विषय संपला.

खरा राग तांदळाचा. तांबं-पितळ चुंबकालाही चिकटत नाही, त्याला तांदूळ कसा चिकटेल? व्हिडिओत दाण्यांना लोखंडाची पूड लावलेली असते, नाहीतर खाली चुंबक लपवलेला. मग सुरू होतं: आत इरिडियम हा महागडा धातू आहे, तपासणीचे पैसे द्या, मग नोंदणी, मग जीएसटी. गिऱ्हाईक शेवटपर्यंत येतच नाही. मामांना आलेल्या 'पत्रा'वर तर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह! त्याच बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि आमच्या नावाने मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. मामांना ते दोनदा वाचून दाखवलं.

"पण अकबराने पाडलं होतं ना राम-सीतेचं नाणं?" मामा. पाडलं होतं, बरोबर आहे. 1604-05 च्या सुमाराचं, वर नागरीत 'राम सिया'. पण ते कुठे आणि हे कुठे? याला रामटंका म्हणतात. तीर्थाच्या ठिकाणी विकत मिळायचा, लोक घरी आणून पुजायचे. कंपनीचं नाव आणि साल नुसतं भाव चढवायला. मामांच्याच फोनवर हेच चित्र दुसऱ्या मेसेजात 1717 घालून आलेलं.

तरी मामींनी डब्यातला मूठभर कोलम ताटलीत ओतलाच. मामांनी रामटंका वर धरला, हात थरथरत होता. एक दाणा चिकटला. उलटून पाहिलं तर तुपाच्या डागाला.