सासरचं नाव आणि क्यूबेकचा कायदा

मार्च 2024मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की 1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम राहील. छान झालं. विवाहित स्त्रीसाठी मात्र नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी रीत तशीच ठेवली. आई म्हणून तिला जागा मिळाली, बायको म्हणून ती होती तिथेच. तिकडे वाद झाला तो वडिलांचा मान घटला का याचा!

इथे कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात 1981पासून दुसरं टोक. लग्नानंतरही दोघांनी आपापल्या जन्मनावानेच कायदेशीर व्यवहार करायचे. हौसेने नवऱ्याचं आडनाव लावायचं म्हटलं, तर नुसतं लग्न हे कारण पुरत नाही. ही सक्तीच, आणि मला ती पटत नाही. पण कागद जुळवताना तिचा उपयोग कळतो.

आपल्याकडून आलेल्या बाईची फाइल उघडा. पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर आडनाव सासरचं, आणि 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तिच्या नावाला चिकटून नवऱ्याचं. इथली यंत्रणा तो अख्खा रकाना तिचंच नाव समजते. दवाखान्यात पुकारा होतो तोही जोडीने. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव पासपोर्टवरही चढलं असेल, तर पंचाईत दुप्पट. विवाह प्रमाणपत्रावर बहुधा लग्नाआधीचंच नाव असतं; ती आणि ही एकच, हे दाखवायला राजपत्रातली नोंद लागते. नुसत्या शपथपत्रावर भागेलच असं नाही. निघण्याआधीच राजपत्राची प्रत काढून ठेवा, आणि पदवी, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र या तिन्ही कागदांवरचं स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून बघा.

'अमक्यांची सून' या ओळखीचा जाच असतो, तशी तिची पतही असते. वाणी उधारी देतो ती सासऱ्यांकडे बघून. इथे ती पत चालत नाही. क्रेडिटचा इतिहास, म्हणजे उधारी फेडल्याची नोंद, ज्याचा त्याचा, शून्यापासून. नवऱ्याच्या खात्यावरच्या जोडकार्डाने तो तयार होईलच असं नाही, तेव्हा पहिल्या महिन्यातच तिच्या एकटीच्या नावावर कार्ड घ्यावं, लहान मर्यादेचं का असेना.

महाराष्ट्राने क्यूबेकची सक्ती उचलू नये. नियमात एवढंच करावं: लग्नानंतर जन्मनाव आपोआप कायम, आणि बदल हवा असेल तर तिने स्वतः अर्ज करावा.