प्रवेश विनामूल्य, तस्मात उशिरा यावे

गावात व्याख्यानमालेचा फ्लेक्स लागला की घाबरायचं नाही. तीन दिवसांचाच प्रश्न असतो, नीट वागलं तर इतिहास अंगाला न लागता सुखरूप बाहेर पडता येतं. मी आमच्या तालुक्याच्या गावात गेली पंधरा-सोळा वर्षं ही व्याख्यानं ऐकतोय म्हणजे हजर असतोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगतो, तेही विनामूल्य.

पहिलं म्हणजे वेळ. 'नगर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सायंकाळी ठीक ६ वाजता' यातला 'ठीक' फक्त पत्रिकेत शोभेसाठी असतो. मी एकदा खरंच सहाला गेलो, तर मला चाळीस खुर्च्या मांडायला लागल्या, बॅनरच्या सुतळीचं एक टोक धरून खिडकीत उभं राहायला लागलं आणि वर पाहुण्यांना एसटी स्टँडवरून आणायलाही मलाच पिटाळलं. तेव्हापासून मी सव्वासातला जातो. तरी दीपप्रज्वलन सापडतंच. समई पेटवतात, पंख्याने वाती विझतात, पंखा बंद करतात, परत पेटवतात, फोटो होतो, पंखा सुरू होतो, वाती विझतात, आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरचे मान्यवर 'दुसरा कार्यक्रम आहे' म्हणून उठून जातात. त्यांच्या जागी बसायचं नाही हं. सोफा तसाच रिकामा राहतो आणि पाहुणे दीड तास त्या सोफ्याला उद्देशून बोलतात, ही आमच्याकडची पद्धत आहे.

बसायची उत्तम जागा म्हणजे शेवटून दुसरी रांग, भिंतीकडेला, चार्जिंगचा प्लग जिथे असेल तिथे. शेवटची रांग वाईट, तिथे संयोजक उभे असतात आणि उठून जाणाऱ्यांकडे बघतात.

आता व्याख्यान कुठलं निवडावं. वक्ता आवाजावरून ओळखायचा. ज्याने पहिल्या पाच मिनिटांत माईक स्टँडवरून उपसून हातात घेतला, डोळे मिटले आणि 'ती काळरात्र' असं म्हटलं तो चांगला. त्याला किल्ल्यावर पाऊस पडल्याचं दिसतं, घोड्यांच्या टापा ऐकू येतात, साडेतीनशे वर्षांपूर्वी बंद दाराआड कोण कोणाला काय म्हणालं ते शब्दशः पाठ असतं. त्याच्या व्याख्यानाला हॉल भरतो, जिन्यात माणसं उभी राहतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाच्या स्टेटसला तोच असतो.

याउलट जो माणूस कापडी पिशवीतून कागद काढतो, चष्मा बदलतो आणि 'याला समकालीन पुरावा मिळत नाही' असं म्हणतो त्याच्यापासून सावध. असला एक गृहस्थ आमच्याकडे येऊन पुरंदरच्या तहावर बोलला. आम्हाला वाटलं मुरारबाजी येईल, अंगावर काटा येईल. मुरारबाजी आला पण दोन मिनिटांत गेला, आणि पुढचा सगळा वेळ हिशोब. १६६५ साली २३ किल्ले आणि ४ लाख होन, म्हणजे सोन्याची नाणी, एवढ्या उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख उरला, मग एवढ्यात फौज कशी पोसायची, पगार कुठून द्यायचे, असं तो आम्हालाच विचारायला लागला! पतसंस्थेच्या वार्षिक सभेला आल्यासारखं वाटलं. टाळी कुठे वाजवायची तेच कळेना. शेवटी एका काकांनी घड्याळाकडे बघून वाजवली आणि ती बाकीच्यांनी उचलून धरली.

आणखी एक धोका. हे पिशवीवाले लोक शेवटी हमखास विचारतात, 'कुणाच्या घरी जुनी मोडी कागदपत्रं असतील तर कृपया दाखवा.' त्या क्षणी छताकडे बघायचं. निम्म्या हॉलच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेलं दप्तर आहे हे सगळ्या हॉलला माहीत असतं, पण कागद दाखवला आणि त्यात जमीन चुलत्यांची निघाली तर? त्यापेक्षा वाळवी बरी, ती वाचत नाही. इतिहासाचार्य राजवाडे असेच गावोगाव, दारोदार हिंडले, १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि करत करत बावीस खंड केले. तेव्हाच्या लोकांनी जरा खंबीरपणे छताकडे बघितलं असतं तर आज एवढं वाचायला लागलं नसतं. अर्थात आपण तरी कुठे वाचतोय, पण कपाटातली जागा वाचली असती. दप्तराची दसऱ्याला पूजा करायची, हळदकुंकू थेट कागदावर टाकायचं, आणि परत माळ्यावर.

प्रश्नोत्तरं मात्र चुकवू नका, खरा कार्यक्रम तोच. नियम एकच, प्रश्न विचारायचा नाही. माईक हातात आला की 'माझा प्रश्न नाही, थोडं मनोगत आहे' म्हणून सुरू व्हायचं. आपलं घराणं पानिपतावर होतं हे सांगायचं. पानिपत १७६१ चं आणि आपल्याला पणजोबांच्या मागचं एकही नाव सांगता येत नाही, तरी होतंच. काहीच सुचलं नाही तर 'शिवजयंती तारखेने की तिथीने?' हे विचारायचं, विषय अजिंठ्याचा असला तरी चालतं. पाहुणे बिचारे जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची जुनी तिथीवार नोंद, काढून सांगतात, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, सरकारनेही तीच तारीख धरली आहे वगैरे. तेवढ्या वेळात हॉलमध्ये दोन तट पडलेले असतात आणि अध्यक्षांना समारोपाचं भाषण न करता आभारावर यावं लागतं, ही त्यातली जमेची बाजू.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा लोकांना उन्हाळ्याच्या संध्याकाळी दुसरं काही करायला नसणार. तुम्हाला आहे. तरी एखादं व्याख्यान फसून ऐकलंच जातं, माझं गेल्या वर्षी तसं झालं.

कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, विषय 'आपल्या गावातल्या वीरगळी', म्हणजे लढताना मेलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. त्याच वेळी क्रिकेटची मॅच, त्यामुळे आम्ही अकराजण, त्यातला एक माईकवाला. प्रोजेक्टरवर पहिलीच स्लाइड आली ती मारुतीच्या देवळामागचा दगड. अहो, तो दगड मी लहानपणापासून बघतोय! त्याच्यावर बसून आम्ही बोरं खाल्लीत, दूधवाला त्याला टेकवून कॅन धुतो. मॅडमनी लेझरचा लाल ठिपका खालच्या चौकटीवर धरला, म्हणाल्या, ही नीट बघा, या गाई आहेत. म्हणजे हा माणूस गावाची गुरं सोडवताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहील. नाव कुठेच नाही, बहुतेक वीरगळींवर नसतंच.

मला काही सुचेना, चार्जिंगची पिन पण काढायची राहिली. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला, 'मॅडम, खाली गुप्तधन असतं का?' त्या नाही म्हणाल्या. दुसरा आला, 'तुम्ही खणून बघितलंय का?' त्याही हसल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, एवढंच करा, त्याला शेंदूर लावू नका, रंग देऊ नका, उनापावसात आहे तसा राहू द्या, जमलं तर वर साधं छप्पर घाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शाल, श्रीफळ, पाकीट, आणि त्यांना साडेनऊची शेवटची एसटी गाठून द्यायला परत मीच.

या बाबतीतला सल्ला असा की ऐकलेली गोष्ट बाहेर कुणाला सांगू नये. मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर सांगितली, अगदी रंगवून, काळरात्र वगैरे घालून. पोरं भारावली. आपल्या गावचा वीर आणि आपल्याला पत्ता नाही! रविवारी सगळी जमली, दगड तारेच्या ब्रशने घासला, खाली टाइल्स बसवल्या आणि दोन हात ऑइलपेंट मारला, गाई पांढऱ्या, अप्सरा गुलाबी, वीर भगवा. वीराला मिशा नव्हत्या त्या काढल्या. दगडावर नाव नव्हतं ते बरं दिसेना, म्हणून चंद्र-सूर्याच्या जागी रंग ज्यांनी दिला त्यांचं 'सौजन्य' आलं, खाली मोबाईल नंबर.

यंदाच्या व्याख्यानमालेच्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो आहे. मॅडमना पत्रिका पाठवलीय, उद्घाटनाला बोलवायचंय, आणि स्टँडवरून आणायला अर्थातच मला सांगितलंय.