नारळ, बांगडा आणि माझा रिपोर्ट

मार्चमध्ये रक्त तपासलं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ निघालं, जास्तच. वेंगुर्ल्यात अशी बातमी लपत नाही. संध्याकाळपर्यंत तिघांचे सल्ले आले: मासे सोड, ओट्स खा.

मासे का सोडू? बांगडा, तारली, पेडवे हृदयाला चांगलेच. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण रक्तातलं एलडीएल जास्त चढवते ती संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, आणि ती कोळंबीत नावापुरती. घोळ तव्यावर होतो. आमच्याकडे बांगडा रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडतात. आता तिरफळ घालून तिखलं होतं. मला तर तेच जास्त आवडतं.

नारळाचं मात्र मान्य करावं लागलं. 'नारळात कोलेस्टेरॉल नसतं' हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, ते कुठल्याच झाडाच्या फळात नसतं! पण खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "नारळाक नाव ठेवू नको. तुझो आजो नव्वद वर्सां जगलो." जगला खरा. पण तेव्हा नारळ विकायचे असत, आणि सात माणसांच्या आमटीत अर्धाच पडे. आज आम्ही तिघं, आणि रोज अख्खा फुटतो. आता अर्धी वाटी खवायची आणि उरलेली फ्रीजमध्ये, असं ठरलंय. आई खवणीवर बसली की मी आसपास घुटमळतो, तिला राग येतो.

ओट्सचं म्हणाल तर त्यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. असे तंतू कुळथातही असतात, डाळी-वालातही. मग मसाला ओट्सची महागडी पाकिटं कशाला? रात्री कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात, तोही एकदाच वाढून.

खरा चोर चारच्या चहाबरोबर येतो. खारी! बुडवली की चहावर तेलाचे डोळे तरंगतात, एकदा नीट बघा. बेकरीच्या डालड्याला कुणी नाव ठेवत नाही, बदनाम बिचारा बांगडा. खारी सोडणं मला नारळापेक्षा जड गेलं. अजून जातंय.

जूनमध्ये १४६. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, गोळीचं पुढच्या रिपोर्टवर ठरवू. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी माझी पोस्ट वाचून ती बंद करू नका, कृपा करून.

काल आईने विचारलं, "चवथीक मोदकात काय घालू, कुळीथ?"