फर्म्याच्या ८०० रुपयांबद्दल

नमस्कार सर,

तुमच्या दरवाजांना बिजागऱ्या बसवायचं काम चार दिवस लांबलं आणि पॅसेजमध्ये भुसा तसाच राहिला, त्याबद्दल माफी मागतो. पोरांनी झाडून निघायला हवं होतं.

पण "कंप्युटरवर चालणाऱ्या राउटरच्या जमान्यात प्लायच्या तुकड्याने काम केलं आणि त्या तुकड्याचे ८०० रुपये लावले" हे तुमच्या तक्रारीत वाचून रात्री जेवण गेलं नाही. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं यंत्र. तो तुकडा म्हणजे फर्मा, जिग: बिजागरीची प्रत्येक खाच एकसारखी पडावी म्हणून राउटर ज्याच्या आधाराने फिरवायचा तो साचा. १२ मिमी प्लायमध्ये बिजागरीच्या मापाने खिडकी पाडायची. तुमची बिजागरी ४ इंची, म्हणजे १०२ मिमी. गाईड बुश, म्हणजे खिडकीच्या कडेला घासत फिरणारी राउटरची कडी, १६ चा; बिट, म्हणजे कापणारं पातं, १० चं. फरक ६, म्हणून दोन्ही टोकांना ३-३ वाढवून खिडकी १०८. अर्धा मिमी चुकलं तरी फट दिसते, म्हणून आधी भंगार लाकडावर काढून बघतो. एवढं झालं आणि तुम्ही बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातून ५ इंची पितळी बिजागऱ्या घेऊन आलात. बिजागऱ्या देखण्याच होत्या, पण फर्मा परत पहिल्यापासून, १३३ चा. चारातले दोन दिवस तिथेच गेले. फर्मे दोन झाले, बिलात एकच लावला. हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

तुम्ही म्हणता ते व्हिडिओतलं यंत्र, शेपर ओरिजिन, म्हणजे हातात धरून चालवायचा कंप्युटरवाला राउटर, मित्राकडे चालवून पाहिलंय. भारी आहे, खोटं कशाला बोलू. लाकडावर डॉमिनोच्या सोंगट्यांसारख्या ठिपक्यांची टेप लावायची, कॅमेरा ती वाचतो, हात थोडा हलला तरी बिट रेषेवरच राहतं आणि फार भरकटलं तर आपोआप वर उचललं जातं. नावाच्या पाटीची अक्षरं, नक्षी, असली एकदाच करायची कामं त्यानेच करावीत. तुमचे ७ दरवाजे, प्रत्येकी ३ बिजागऱ्या, पल्ला-चौकट धरून एकसारख्या ४२ खाचा; तिथे फर्माच बरा. ३५ मिमीच्या कडेवर ते यंत्र टेकायला जागा नाही, बाजूला आधार बांधावा लागतो. म्हणजे तोही जिगच झाला की! आणि बिट गोल फिरतं म्हणून प्रत्येक खाचेचे दोन, असे गोल राहिलेले ८४ कोपरे फर्मा असो की ते यंत्र, पटाशीनेच चौकोनी करायचे.

पल्ले एका बोटाने बंद होतात, हे तुम्हीच फोनवर म्हणाला होतात.

असो. यापुढे फर्म्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहू, भुशाचंही बघतो. हॉलच्या दाराचा एक स्क्रू ढिला वाटतोय म्हणालात, तर रविवारी सकाळी मी स्वतः येऊन जातो. त्याचे पैसे नकोत.