प्रवेशापूर्वीच हजर राहा

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात पाऊल टाकलेल्या मुलामुलींनो, तुम्ही भाग्यवान आहात. नवा विद्यार्थी बावरू नये, शिक्षकांशी आणि वरच्या वर्गांतील मुलांशी त्याची ओळख व्हावी, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढून ठेवली आहे. प्रत्यक्षात हा दीक्षारंभ एका सभागृहात दोन तासांत उरकतो. सरस्वतीपूजन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा सत्कार आणि आपण स्वतः किती हालअपेष्टांत शिकलो याची त्यांची हकिगत एवढे त्यात व्यवस्थित बसते. इतके करूनही तुम्ही रुळला नाहीत, तर दोष अर्थातच तुमचा.

तेव्हा पहिली सूचना अशी की, प्रवेश मिळण्याच्या निदान महिनाभर आधीपासून तासांना बसू लागा. हे विचित्र वाटत असेल तर माझ्या भाचीचे उदाहरण घ्या. ती परभणी जिल्ह्यातून पुण्यात बी.एस्सी.साठी आली आणि तिचे नाव तिसऱ्या यादीत लागले, कारण वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या फेऱ्या संपेपर्यंत पहिल्या यादीतली मुले जागा धरून बसतात आणि मग निघून जातात. तिने १९ ऑगस्टला शुल्क भरले. तास जुलैतच सुरू झाले होते. ऑक्टोबरपर्यंत रसायनशास्त्राचे ४० तास झाले, त्यांतले १४ तिच्या प्रवेशाआधीचे, आणि उरलेल्या २६ पैकी २४ तासांना ती हजर होती. महाविद्यालयाने २४ ला ४० ने भागले, ६० टक्के काढले, ७५ टक्क्यांचा नियम दाखवला, तिचे नाव डिफॉल्टर यादीत लावले आणि पालकांना हमीपत्रासाठी समक्ष बोलावले. माझे दाजी मळणीला आलेले सोयाबीन सोडून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आले. जी मुलगी तुमच्याकडे नव्हतीच ती गैरहजर कशी, असे आम्ही खिडकीवर विचारले, तर सॉफ्टवेअर सत्राची पहिली तारीखच धरते, असे उत्तर मिळाले. (शुल्काच्या बाबतीतही सॉफ्टवेअर तितकेच काटेकोर आहे, तेही त्याने पहिल्या तारखेपासूनच धरले.) मग आम्ही वर्गशिक्षकांकडे गेलो. त्यांनी आमच्या हातातली पावती पाहिली नाही, दाजींच्या पायांतल्या चपलांकडे पाहिले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, “ग्रामीण भागातल्या मुलांना ॲडजस्ट व्हायला वेळ लागतोच.” दाजींनी काही न बोलता हमीपत्रावर सही केली.

बोनाफाइड प्रमाणपत्रासाठी ते लागण्याच्या आठवडाभर आधी अर्ज करावा, आणि ते कधी लागणार हे स्वप्नात पाहून ठेवावे.

अभ्यासाची काळजी करू नका, कारण तो नेमका कोणता हे कळेपर्यंत अंतर्गत परीक्षा येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या पदवीची सोय झाली असून एका सत्राचे २२ श्रेयांक मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी अशा डब्यांत वाटलेले आहेत. या अक्षरांचा अर्थ कार्यालयात विचारू नका. तिथली माणसे तो एकमेकांना विचारत असतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून आपल्या आवडीने निवडायचे असते. वेळापत्रकात जे बसेल त्याचीच आवड लावून घेतलीत, की प्रश्न उरत नाही.

रॅगिंगला घाबरण्याचे कारण नाही. राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून शपथपत्रही घेतलेले आहे. सीनियरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला गाणे म्हणून पाठवण्याचा हुकूम झाला, तर त्याला ‘परिचय’ म्हणतात. अशा ग्रुपवरचा छळ हेही रॅगिंगच, असे आयोगाने २०२५ मध्ये बजावले आहे खरे, पण आयोग तुमच्या ग्रुपमध्ये नाही.

शंका शक्यतो येऊ देऊ नका, आणि आलीच तर ती इंग्रजीतून यावी याची दक्षता घ्या. भाचीने एकदा मराठीत शंका विचारली आणि वर्ग हसला. अठराव्या वर्षी मुले हसतात, ते मी सोडून देतो. पण फळ्यापाशी उभे असलेले सरही हसले, आणि हे सर स्टाफरूममध्ये दिवसभर मराठीच बोलतात. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसते, आणि मागच्या बाकावरची मुले रस घेत नाहीत, अशी तक्रार याच सरांनी दाजींपुढे केली. ती ऐकून दाजी ओशाळले. ओशाळायचे कोणी होते, सर?

अजून किती ॲडजस्ट व्हायचे तिने? चौघींच्या खोलीत ती कॉट बेसिसवर राहते, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून चिवड्यावर भागवते, दोन बस बदलून सकाळी साडेसातच्या प्रात्यक्षिकाला वेळेवर पोहोचते आणि रात्री फोनवर आईला सगळे छान चालले आहे असे सांगते. एवढे तिने दोन महिन्यांत शिकून घेतले, आणि तुम्हाला एका मुलीच्या नावापुढे तिच्या प्रवेशाची तारीख घालता येत नाही? ते दोन मिनिटांचे काम टाळण्यासाठी तुम्ही ऐन सुगीत एका शेतकऱ्याला बोलावता, त्याच्याकडून नसलेल्या गुन्ह्याची हमी लिहून घेता आणि वर त्याच्या मुलीच्या गावावर बोट ठेवता. आम्ही घरचे तरी मोठे शहाणे. “कर गं थोडं ॲडजस्ट,” असे ऑगस्टमध्ये मीच तिला सांगितले होते.

सोमवारी अकरा वाजता मी पुन्हा त्या खिडकीवर येतो आहे, शुल्काची पावती आणि लेखी अर्ज घेऊन, आणि अर्जाची पोच मिळेपर्यंत हलणार नाही. दाजी येणार नाहीत. त्यांचे सोयाबीन भिजले आहे.